हवा चाळणारा दगड

१९ एप्रिल २०२१ रोजी रात्री आठच्या सुमारास खांदा कॉलनीशेजारच्या कळंबोलीतून एक मालगाडी सुटली. सपाट वाघिणींवर चढवलेले सात रिकामे टँकर घेऊन ती विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याकडे निघाली. देशातली ही पहिली ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’. वाघिणीवर चढवल्यावर टँकरांची उंची इतकी होई, की मुंबई विभागातल्या घाटांतून ते नेण्यास परवानगी नव्हती. म्हणून गाडी वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा वळसा घेऊन सुमारे १८५० किलोमीटर गेली. टँकर भरून परतले, त्यातले तीन नागपुरात उतरले, चार नाशकात.

हवेत २१ टक्के प्राणवायू असतो. पनवेलला जेवढा, तेवढाच विशाखापट्टणमला. तरीही तो आणायला इतक्या लांब जावे लागले, कारण तिथे तो नत्रवायूपासून मोठ्या प्रमाणावर वेगळा होत होता. हवा सर्वांची असली तरी ती निवडण्याची यंत्रे मोजक्या ठिकाणी असतात. त्या महिन्यात रुग्णांचे प्राण याच अंतरात अडकले होते.

हवा निवडण्याची जुनी वाट थंडीची. जर्मन अभियंता कार्ल फॉन लिंडे याने १८९५ मध्ये हवा मोठ्या प्रमाणावर द्रवरूप करून दाखवली आणि १९०२ मध्ये त्या द्रवातून प्राणवायू वेगळा काढला. नत्रवायू उणे १९६ अंशांना उकळतो, प्राणवायू उणे १८३ अंशांना. एवढ्या फरकावर हा सारा उद्योग उभा आहे. एक लिटर द्रव प्राणवायूचा साधारण ८५० लिटर वायू होतो, म्हणून टँकरने वाहतूक परवडते. मात्र असे संयंत्र अवाढव्य असते, अखंड वीज खाते आणि म्हणून बहुधा पोलाद कारखान्यांच्या किंवा औद्योगिक वसाहतींच्या आश्रयाने राहते.

दुसरी वाट दगडाची, आणि ती आपल्या सह्याद्रीच्या ओळखीची आहे. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट याला एक खनिज आढळले. तापवले की त्यातले पाणी वाफ होऊन दगड उकळल्यासारखा दिसे. त्याने ग्रीक शब्द जोडून नाव ठेवले झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत या खनिजाचे स्फटिक विपुल आहेत. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडताना त्यांचे देखणे नमुने निघाले आणि युरोपातल्या संग्रहालयांत पोचले. आजही सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात असे स्फटिक पाहायला मिळतात.

पाणी निघून गेलेल्या झिओलाइटच्या अंगी रेणूएवढी बारीक, सारख्या मापाची छिद्रे उरतात आणि ती पुन्हा पाणी ओढून घेतात. साहजिकच त्याचा पहिला मोठा उपयोग वायू सुकवण्यासाठी झाला. अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात रॉबर्ट मिल्टन याने १९४९ पासून प्रयोगशाळेत झिओलाइट घडवायला सुरुवात केली. १९५४ मध्ये ते बाजारात आले. पुढे एस्सोच्या चार्ल्स स्कारस्ट्रॉमने हवा सुकवण्यासाठी दोन नळकांड्यांची युक्ती काढली. तिचे पेटंट त्याला १९६० मध्ये मिळाले. एका नळकांड्यात दाबाने हवा सोडायची, तोवर दुसऱ्याचा दाब उतरवून त्यातला दगड मोकळा करायचा, मग पाळी बदलायची. हीच युक्ती प्राणवायूलाही लागू पडली. दाबाखाली नत्रवायू झिओलाइटला अधिक चिकटतो आणि प्राणवायू पुढे निघून येतो. रुग्णाच्या उशाशी घुमणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरच्या पोटात हेच चालते. गंमत अशी, की थंडीच्या वाटेलाही हा दगड टाळता येत नाही. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड आधी गाळले नाहीत तर नळ्या गोठून बसतात, आणि आधुनिक संयंत्रांत ते गाळतो झिओलाइटच.

एप्रिल २०२१ च्या अखेरीस पवईच्या आयआयटीने या ज्ञानाचा नेमका उपयोग केला. कारखान्यांत नत्रवायू तयार करणारी संयंत्रे असतात. त्यांत कार्बनची चाळणी असते. प्रा. मिलिंद अत्रे यांच्या पुढाकाराने अशा एका संयंत्रातली कार्बनची चाळणी बदलून तिथे झिओलाइट भरला गेला आणि तेच यंत्र ९३ टक्क्यांहून शुद्ध प्राणवायू देऊ लागले. तीन दिवसांत हे साधले. टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि स्पॅनटेक यांची त्याला साथ होती.

त्यानंतर मे महिन्यात डीआरडीओच्या प्राणवायू संयंत्रांसाठी एअर इंडियाची विमाने रोमहून बंगळूरला झिओलाइट घेऊन आली. ज्या देशाच्या डोंगरांत जगातले नामांकित झिओलाइट सापडतात, त्याला तो विमानाने आणावा लागला! यावर हळहळणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. आपल्या कातळातले स्फटिक विखुरलेले आणि नाना जातींचे. संग्रहालयाला ते शोभतात, यंत्राला चालत नाहीत. यंत्राला टनावारी, एकाच मापाच्या छिद्रांचा, घडवलेला दगड लागतो. तो भट्टीत, वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतो. डोंगर वारशाने मिळतो, चाळणी मात्र ज्याची त्यालाच विणावी लागते, आणि तीही गरज पडण्याच्या आधी.