बाळाला वारंवार न्यूमोनिया होतोय? एकदा हृदयही तपासून घ्या

यवतमाळ : दर हजार जन्मांमागे साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. पण घरच्यांना तो आधी दिसतो तो श्वासात.

फुप्फुसावर परिणाम का होतो?
हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असेल, तर डावीकडचं शुद्ध रक्त उजवीकडे जाऊन पुन्हा फुप्फुसात शिरतं. जास्तीच्या रक्ताने फुप्फुसं जड आणि ताठर होतात, जंतुसंसर्ग लवकर होतो. औषधाने खोकला बसतो, काही दिवसांनी परत येतो. हा दाब अनेक वर्षं राहिला, तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या कायमच्या जाड होतात. मग छिद्र बंद करणंही धोक्याचं ठरतं. म्हणूनच ‘मोठं झाल्यावर बघू’ म्हणू नका.

घरी काय पाहावे?
दूध पिताना धाप लागणं, कपाळाला घाम येणं, वजन न वाढणं, ओठ निळसर दिसणं. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60, एक वर्षापर्यंत 50 आणि पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओठ निळे पडले, तरीही थांबू नका. दुआ जरूर करा, पण दवेला उशीर नको.

तपासणी कुठे?
2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा तपासणी करतं. या कार्यक्रमातून शस्त्रक्रियाही मोफत होते. मदरशात किंवा खासगी शाळेत शिकणारं मूल यातून सुटू शकतं. त्याला यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग विभागात दाखवा. दोष आहे की नाही, हे इको तपासणीत कळतं.

शस्त्रक्रियेनंतर
काही मुलांची फुप्फुसाची क्षमता नंतरही कमी राहते. साधारण सहा वर्षांपुढच्या मुलाची फुंकर मारून घेतली जाणारी स्पायरोमेट्री चाचणी करता येते. डॉक्टरांना विचारून मुलाला खेळू द्या. चुलीचा आणि बिडीचा धूर दूर ठेवा.

यात आईचा दोष नसतो. मात्र जवळच्या नात्यात लग्न झालं असेल किंवा आधीच्या मुलाला असा त्रास असेल, तर पुढच्या गरोदरपणात डॉक्टरांना आवर्जून सांगा. पाचव्या महिन्याच्या सुमारास पोटातल्या बाळाचं हृदयही तपासता येतं.