यकृतातील गाठी : प्रतिमांवरून ओळख

यकृतात दिसलेली गाठ कर्करोगाची आहे, निरुपद्रवी आहे की मुळात गाठच नसून गळू किंवा कृमीची पुटी आहे, हे सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि एमआरआय यांवरून ठरवण्याची पद्धत. इतर बहुतेक अवयवांत शेवटचा निवाडा सुईने काढलेल्या तुकड्याचा असतो. यकृतात तो पुष्कळदा फिल्मवरच होतो. यकृत रक्ताने भरलेले असल्याने सुई टोचल्यावर रक्तस्रावाची भीती असते. मूळ यकृतकर्करोगात सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याची थोडी, पण खरी शक्यता असते. पुटी हायडॅटिडची, म्हणजे फीतकृमीची असली, तर आतले पाणी पोटात सांडून तीव्र ॲलर्जी होऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते.

सगळा खेळ रक्तपुरवठ्याचा आहे. निरोगी यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल नीलेतून आणि उरलेले यकृताच्या रोहिणीतून मिळते. मूळ यकृतकर्करोग, म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, मुख्यतः रोहिणीवर पोसतो. त्यामुळे शिरेत डाय सोडल्यावर साधारण ३० ते ३५ सेकंदांनी टिपलेल्या चित्रात तो भोवतालच्या यकृताआधी उजळतो, ७० सेकंदांच्या सुमारास पोर्टल नीलेचे रक्त पोचून उरलेले यकृत उजळते, आणि पुढच्या काही मिनिटांत गाठीतला डाय ओसरून ती काळपट दिसू लागते. आधी उजळणे आणि मग ओसरणे ही जोडी सिरॉसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कडक झालेल्या यकृतात दिसली, तर तुकडा न काढताही कर्करोगाचे निदान पक्के धरतात. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने २०११ साली आणलेली लाय-रॅड्स ही श्रेणीपद्धत याच तत्त्वावर उभी आहे. मात्र ती मुख्यतः सिरॉसिस किंवा जुनाट हिपॅटायटिस-बी असलेल्यांसाठी आहे. तीच जोडी धडधाकट यकृतात दिसली तर तिचा अर्थ वेगळा निघू शकतो, आणि घाईत वाचलेल्या रिपोर्टांत नेमकी हीच गोष्ट सुटते.

सीटीच्या टेबलावर हे सगळे काही मिनिटांत उरकते. रुग्ण काही तास उपाशी असतो, मूत्रपिंडांच्या कामासाठी क्रिएटिनिनचा रिपोर्ट आधी बघितलेला असतो. डाय आत जाताच घशापासून ओटीपोटापर्यंत ऊब उतरते, कपड्यांतच लघवी झाली की काय असे वाटते. अनुभवी तंत्रज्ञ हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर रुग्ण दचकून हलतो आणि पहिल्या टप्प्याचे चित्र वाया जाते. मग ‘श्वास घ्या, रोखा’ ही सूचना प्रत्येक टप्प्याला. यकृताच्या गाठीसाठी डाय न देता किंवा एकाच टप्प्यात काढलेला सीटी जवळजवळ निरुपयोगी असतो. तो काढून आणलेल्या रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पुन्हा पहिल्यापासून खर्च करावा लागतो.

निरुपद्रवी गाठींत हेमांजिओमा सर्वांत जास्त आढळतो, आणि स्त्रियांत अधिक. त्यात डाय कडेच्या तुटक ठिपक्यांपासून सावकाश आत सरकतो. एमआरआयच्या टी-२ चित्रात तो लख्ख पांढरा दिसतो. फोकल नोड्युलर हायपरप्लेशिया पहिल्या टप्प्यात एकसारखा उजळतो, मध्ये व्रणाची रेघ असते. त्याच्यात पित्त बनवणाऱ्या पेशी शाबूत असल्याने यकृतपेशींनी शोषला जाणारा खास एमआरआय डाय वापरला, तर वीसेक मिनिटांनंतरही तो उजळलेलाच राहतो. ॲडेनोमा बहुधा राहत नाही. ॲडेनोमाचा संबंध दीर्घकाळ घेतलेल्या संततिनियमनाच्या गोळ्यांशी आणि व्यायामशाळांत मिळणाऱ्या स्टेरॉइडांशी आहे. तो फुटून रक्तस्राव होऊ शकतो म्हणून त्याला वेगळे काढणे महत्त्वाचे. मोठे आतडे, स्तन, जठर किंवा स्वादुपिंडातून आलेल्या दुय्यम गाठी बहुधा अनेक असतात आणि कडेने कड्यासारख्या उजळतात. फॅटी लिव्हरमध्ये चरबी न साठलेला एखादा तुकडा सोनोग्राफीत हुबेहूब गाठीसारखा भासतो. पित्ताशयालगतची त्याची ठरलेली जागा पाहूनच तो ओळखतात.

ठाणे जिल्ह्यातल्या कसारा, शहापूर, मुरबाड या भागात प्रश्न बहुतेक वेळा सोनोग्राफीवर उभा राहतो आणि उत्तर दूरवर मिळते. कसाऱ्यात प्राथमिक आरोग्य केंद्र, खर्डीत ग्रामीण रुग्णालय, शहापुरात उपजिल्हा रुग्णालय अशी सरकारी उतरंड आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने सोनोग्राफी यंत्र आणि त्याची जागा दोन्हींची नोंदणी बंधनकारक केली. कायद्याची गरज वादातीत आहे, पण यंत्र उचलून पाड्यावर न्यावे इतके ते सोपे राहिलेले नाही, आणि त्याचा भार पोटदुखीच्या रुग्णावरही पडतो. रिपोर्टात ‘एसओएल’, म्हणजे जागा व्यापणारे काहीतरी, एवढेच लिहिलेले असते. मग कसाऱ्याहून लोकल धरून ठाण्याला, किंवा दादरला उतरून परळच्या केईएम वा टाटा मेमोरियलला जायचे. मुंबई सीएसएमटीपासून कसारा सुमारे १२० किलोमीटर आहे. मुरबाडला रेल्वे नाही. तिथून आधी एसटीने कल्याण गाठावे लागते.

इथे सगळ्यात आधी वगळावे लागते ते अमिबाचे गळू. ताप, बरगडीखाली उजवीकडे दुखणे, मध्यमवयीन पुरुष, दारूची सवय आणि अस्वच्छ पाणी ही त्याची नेहमीची पार्श्वभूमी. सोनोग्राफीत उजव्या भागात, पृष्ठभागालगत, गोलसर काळपट क्षेत्र दिसते. घट्ट पू असेल तर ते भरीव गाठीसारखे वाटते. डॉप्लरमध्ये आत रक्तप्रवाह दिसत नाही, सीटीत उजळलेल्या भिंतीबाहेर सुजेचे कडे दिसते. मेट्रोनिडॅझोलने ताप बहुधा काही दिवसांत उतरतो. पोकळी मात्र सोनोग्राफीत कित्येक महिने दिसत राहते. नुसत्या त्या जुन्या पोकळीवरून कर्करोगाची शंका घेण्याचे कारण नाही. हायडॅटिड पुटी कुत्र्यांच्या विष्ठेतील फीतकृमीच्या अंड्यांमुळे होते आणि मेंढ्या तिच्या मधल्या यजमान असतात. घाटावरचे धनगर हिवाळ्यात कळप आणि कुत्र्यांसह कोकणपट्टीत उतरतात, म्हणून रुग्णाला मेंढरांचा सहवास आहे का हे विचारणे फायद्याचे ठरते. पुटीत लहान पुट्या दिसल्या किंवा आतले आवरण सुटून पाण्यावरच्या कमळासारखे तरंगताना दिसले, की निदान जवळपास झालेच.

उलट दिशेने, सिरॉसिस असलेल्या रुग्णात कुठलीही नवी भरीव गाठ आधी कर्करोग समजूनच तपासायची. दारू, हिपॅटायटिस-बी व सी आणि आता फॅटी लिव्हर ही सिरॉसिसची प्रमुख कारणे. हिपॅटायटिसची मोफत तपासणी व उपचार देणारा राष्ट्रीय कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. अल्फा-फीटोप्रोटीन ही रक्ततपासणी मदतीला येते, पण कर्करोग असूनही ती सामान्य येऊ शकते. पीईटी स्कॅनवर सगळे उमटते ही समजूतही चुकीची आहे. सौम्य प्रतीच्या यकृतकर्करोगाच्या पेशी साखर फारशी ओढत नाहीत आणि स्कॅनमध्ये निसटतात. सिरॉसिसच्या रुग्णाने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी असा शिरस्ता आहे, आणि तेवढे काम शहापुरातही होते. प्रत्येक वेळी मागच्या खेपेच्या फिल्म सोबत न्याव्यात, कारण एक सेंटिमीटरच्या ठिपक्याबद्दल तो वाढला की नाही, यापेक्षा निर्णायक माहिती बहुधा दुसरी नसते.