दोन मुलूख, एक घाट : महाड-पोलादपूर आणि जावळी

आमच्या अभ्याससहलीच्या पत्रकावर ‘दोन शेजारी डोंगरी देश’ असे शब्द आहेत. ते वाचून काहींना नेपाळ-भूतान आठवले. एकांनी तर पासपोर्ट लागेल का, असेही विचारले. तसे काही नाही. तीन दिवसांची सहल आहे. ती महाडहून निघते, पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढते आणि जावळीच्या खोऱ्यात, कोयनेकाठच्या पार गावी संपते. पण ‘देश’ हा शब्द आम्ही उगीच घातलेला नाही. १८१८ ते १८४८ अशी तीस वर्षे या घाटमाथ्यावर खरोखरच दोन राज्यांची सीमा होती. खाली महाडकडे कंपनी सरकारचा अंमल, वर जावळीत सातारच्या छत्रपतींचे राज्य. १८२९ साली प्रतापसिंह महाराजांनी महाबळेश्वर इंग्रजांना दिले आणि बदल्यात वाईकडचे खंडाळा गाव घेतले, तेही तह करून. तह दोन राज्यांतच होतात.

आता आमचे म्हणणे असे, की ही सीमा अगदी उशिराची आहे, आणि ती डोक्यात ठेवून सहल केली तर या डोंगरातले काहीच नीट कळत नाही. आज काय होते? रायगड बघायचा तो कोकणच्या सहलीत, प्रतापगड बघायचा तो महाबळेश्वरच्या सहलीत. गाईड वेगळे, गाड्या वेगळ्या, जिल्हेही वेगळे. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत हे दोन्ही आहेत. पण ते एकमेकांचे कोण लागतात, हे पर्यटकाला कुणी सांगत नाही.

मोऱ्यांना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. ‘चंद्रराव’ हे माणसाचे नाव नव्हे, आदिलशाहीने दिलेला किताब. या चंद्ररावांचा अंमल घाटाच्या दोन्ही अंगांना होता. जानेवारी १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, तेव्हा चंद्रराव पळाला कुठे? विजापूरकडे नाही. तो घाट उतरून रायरीवर गेला. म्हणजे जावळी ही घराची ओटी आणि रायरी हे माजघर. महाराजांनी त्याच वर्षी रायरीही घेतली. लगेच इकडे भोरप्याच्या डोंगरावर मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहिला आणि पुढे रायरीचा रायगड झाला. एकाच वर्षी एकाच घराण्याकडून घेतलेली ही दोन ठाणी. १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखान मारला गेला तो प्रतापगडाच्या पायथ्याशी, आणि ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला तो रायगडावर. या दोन तारखांमध्ये जे अंतर आहे ते पंधरा वर्षांचे. मुलखाचे म्हणाल तर मधे एक डोंगराची रांग आणि सावित्रीचे खोरे, एवढेच.

आमचा विषय तत्त्वज्ञान. त्यामुळे एक न्याय सांगितल्याशिवाय राहवत नाही. संस्कृतात ‘देहलीदीपन्याय’ म्हणून आहे. देहली म्हणजे उंबरा. उंबऱ्यावर दिवा ठेवला की आतही उजेड पडतो आणि बाहेरही. वाक्यात मधोमध आलेला एखादा शब्द मागच्या-पुढच्या दोन्ही पदांना लागू होतो, तेव्हा मीमांसक हा न्याय लावतात. घाट ही तशी वस्तू आहे. नकाशा काढणाऱ्याला ती रेघ दिसते. घाटाखाली राहणाऱ्याला ती वाट दिसते. मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर जात होते, धान्य आणि गूळ खाली येत होते, आणि हे सगळे बैलांच्या पाठीवर. सावित्रीत भरतीचे पाणी आत येते म्हणून गलबते दासगाव-महाडपर्यंत येत. महाडची पेठ वसली ती यामुळे. समुद्र संपतो आणि डोंगर सुरू होतो, त्या सांध्यावर बाजार बसला.

हा सांधा किती जुना आहे ते पाहायचे तर महामार्गाला लागूनच असलेल्या गांधारपाले लेण्यांत चढायचे. सहलीचे लोक खालूनच फोटो काढतात आणि निघतात, हे आम्हाला फार लागते. तिथे ब्राह्मी लिपीतला प्राकृत शिलालेख आहे. काणभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमाराचे दान त्यात नोंदलेले आहे. चैत्यगृह, राहण्याच्या खोल्या, दोन्ही बाजूंची पाण्याची टाकी, आणि लेण्याकडे येणारी वाट. वाट हेही दान! आणि पाणी हेही.

तिथून आम्ही मुद्दाम सगळ्यांना सरळ चवदार तळ्यावर नेतो. कुणाला वाटते, निसर्गसहलीत हे कशाला? पण हा डोंगर समजायचा तर पाणी आणि वाट कुणाची, हे विचारावेच लागते. डोंगरातल्या वाड्यांतून बाजाराला उतरलेल्या माणसाला महाडात तहान लागली, तर त्याने प्यायचे कुठे? मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव केला, महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला, आणि तळे तसेच बंद राहिले. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आपल्या हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. सनातन्यांनी पुढे तळ्याची ‘शुद्धी’ केली, वाद कोर्टात गेला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ चा मार्च उजाडला. महाडच का, याचेही उत्तर मुलखातच आहे. लष्करात नोकरी करून परतलेल्या महार सैनिकांची गावे इथे होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांतले. त्यांनी १८८८ सालीच ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. परिषदेच्या उभारणीत पुढे असलेले रामचंद्र बाबाजी मोरे लाडवलीचे. आडनाव जावळीकरांचे, जात दुसरी. डोंगरात आडनावे अशी पसरलेली असतात, त्यावरून इतिहास ठरवू नये.

पोलादपूर लहान गाव. एसटी थांबते, लोक वडा खातात, गाडी घाटाला लागते. पण इथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. हे मूळचे नेवाशाचे, प्रवरेकाठचे. संस्कृतात ‘शिवभारत’ लिहिणारे. पठारावरचा पंडित शेवटी घाटाखाली विसावला. शेजारच्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी. त्यांचे गोडोली साताऱ्याकडे, उमरठ इकडे. पुन्हा घाटाच्या दोन्ही बाजू. या दोन ठिकाणी आम्ही भाषण करीत नाही, नुसते थांबतो.

मग आंबेनळी. इंग्रज याला फिट्झगेराल्ड घाट म्हणत. हा गाडीरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याआधीची वाट पारघाटाची, आणि आमच्या मते या मुलखातली पहिली ‘गायडेड टूर’ त्याच वाटेने गेली. मुंबईचे साहेबलोक उन्हाळ्यात बोटीने बाणकोटला येत, सावित्रीतून दासगाव-महाड गाठत आणि तिथून पालखीत बसून पारघाटाने महाबळेश्वरला जात. पडदा बाजूला सारून त्यांनी दऱ्या पाहिल्या, वर्णने लिहिली. पालखी ज्यांच्या खांद्यावर होती त्यांनीही त्याच दऱ्या पाहिल्या. त्यांचे वर्णन मात्र कुणी लिहून ठेवले नाही. म्हणून आमचा एक नियम आहे : पारघाटातला काही टप्पा प्रत्येकाने पायी चालायचा, पाठीवर स्वतःचे पाणी घेऊन. वयाची सबब आम्ही ऐकत नाही, कारण आमचेच वय सत्तरीच्या पुढचे आहे.

चालताना कारवी दिसते. सात वर्षांनी फुलणारी म्हणून तिचे कौतुक होते, ते ठीकच. पण तिचे काटूक उभे करून शेणामातीने लिंपले की घराचा कूड होतो, हे इथल्या माणसाला अधिक महत्त्वाचे. काळा कातळ, वर जांभ्याचे टोपण, आणि मधे पाणी धरून ठेवणारी माती. उतारावर हे सगळे जोवर झाडा-कारवीने बांधलेले असते तोवर बरे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच सुमारास, २२ जुलैला, महाड तालुक्यातले तळिये दरडीखाली गेले. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी आल्या. सोळा वर्षांपूर्वी, जुलै २००५ मध्ये, जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते.

आम्हाला दरवर्षी विचारतात, सहल पावसाळ्यात का नाही नेत? धबधबे तेव्हाच. आमचे उत्तर स्पष्ट आहे. वाडीतला माणूस ज्या रात्री डोंगराकडे कान लावून जागा असतो, त्या दिवसांत आपण त्याच्या दारावरून धबधबे बघत जायचे, हे आम्हाला जमत नाही. शिवाय घाटात गाडी अडकली तर त्यालाच येऊन काढावी लागते. आम्ही दिवाळीनंतर जातो. भात कापून झालेले असते, लोकांना बोलायला सवड असते. तळियेला गाडी थांबवत नाही. ते पाहण्याचे ठिकाण नव्हे.

शेवटचा मुक्काम पारला. रामवरदायिनीचे देऊळ, आणि कोयनेवरचा दगडी पूल. तो शिवकालीन मानतात आणि अजून वापरात आहे. इथे विद्यार्थी हटकून विचारतात, सर, मग पाणलोटाचे काय? तो तरी खरा विभाजक ना? माथ्यावर पडलेला एक थेंब सावित्रीतून बाणकोटला अरबी समुद्रात जातो, शेजारचा कोयनेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात. प्रश्न रास्त आहे, आणि भूगोलाच्या पुस्तकात तसेच लिहिलेले असते. पण या पुलाखालचे पाणी पुढे शिवसागर जलाशयात जाते. १९६० च्या दशकापासून त्यातले पुष्कळसे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे सोडतात. त्यावर वीज होते, आणि ते पाणी वाशिष्ठीतून चिपळूणवरून खाली अरबी समुद्राला जाते.