पांढुर्णा-सौसरची बाल भजनी मंडळं : एक टिपण

पांढुर्णा म्हटलं की बाहेरच्या माणसाला गोटमार आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर येतात, पेपरात फोटो छापून येतात, आणि पुढे वर्षभर गावाचं नाव कोणी काढत नाही. सौसरचं नाव निघतं ते जामसावळीच्या निजलेल्या हनुमंतामुळे. मला या टिपणात तिसऱ्याच गोष्टीबद्दल लिहायचं आहे. ती म्हणजे इथल्या पोट्ट्यांची भजनी मंडळं. इतिहासाच्या पुस्तकात त्यांना जागा नाही. तरीही या भागात मराठी टिकण्यात त्यांचा वाटा मोठा आहे, असं माझं मत आहे. ते का, ते सांगतो.

मुलांनी ताफा करून गायचं, ही महाराष्ट्रात काही नवी गोष्ट नाही. वारकऱ्यांच्या दिंडीत टाळ घेतलेली पोरं पूर्वीपासून असत. १८९४ पासून पुण्याच्या गणेशोत्सवात मेळे निघू लागले. सारख्या पोशाखातली मुलं पदं म्हणत गावभर फिरत. आपल्याकडे मात्र मुलांच्या भजनाला आजचं रूप आलं ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे.

महाराज स्वतः पोरवयातच भजनाला लागले. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी त्यांचा जन्म झाला. नाव माणिक बंडोजी इंगळे. शाळा तिसरीच्या आसपास सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांकडे त्यांचा ओढा होता, तिथे भजन म्हणताना 'तुकड्या' हे नाव पडलं. पुढे रामटेक, सालबर्डी, गोंदोडा अशा रानावनांत ते राहिले. १९३५ मध्ये सालबर्डीला त्यांनी महारुद्र यज्ञ केला, त्याला लाखोंनी माणसं जमली. सालबर्डी मोर्शीच्या वर, आजच्या दोन राज्यांच्या अगदी हद्दीवर आहे. त्यामुळे खंजिरीचा आवाज आपल्या मुलखात काही दुरून आला नाही, शेजारच्याच डोंगरातून आला. त्याच वर्षी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रज सरकारने महाराजांना चंद्रपुरात अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं. भजनाची सरकारला भीती वाटावी, असा तो काळ होता. १९४३ मध्ये अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवा मंडळ स्थापन झालं आणि गावोगावी शाखा निघू लागल्या.

या शाखांचा नेम साधा होता. पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. ओळीने बसायचं, जातपात न बघता बसायचं. रामधून काढायची तर आधी रस्ता झाडायचा. म्हणजे भगवी टोपी घातलेल्या पोराच्या हातात आधी खराटा यायचा आणि मग खंजिरी.

खंजिरी म्हणजे लाकडी कडं, एका बाजूला ताणलेलं चामडं, कडेच्या खाचांत पितळी चकत्या. पावसाळ्यात चामडं सैल पडतं, म्हणून भजनाआधी ते शेकोटीवर शेकून घ्यावं लागे. हे काम मोठ्या आवडीने पोरंच करत. मंडळात एक पेटीवाला, एक तबल्यावर किंवा ढोलकीवर, दोघं-तिघं खंजिरीवर आणि बाकीचे टाळ घेऊन झीलकरी. मुख्य गाणारा ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात. झील ढिली पडली की मागून म्हाताऱ्याचा आवाज येणारच, "अबे पोट्टेहो, जेवून नाही आले काय?"

मोठ्या माणसांचं भजन साधारण काळी एक किंवा दोनमध्ये चालतं. पोरांची पट्टी काळी चार, काळी पाच. हा उंच, एकसंध आवाज लाऊडस्पीकर नसतानाही गावाबाहेरच्या मळ्यापर्यंत जाई. पण तो टिकत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो, मुख्य गाणारा पोरगा झीलकऱ्यांत जाऊन बसतो आणि त्याची जागा दुसरा घेतो. म्हणून बाल मंडळ दर तीन-चार वर्षांनी नवं होतं. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध बालगायकांची परंपरा १४९८ पासूनची सांगतात. तिथे पोरांचा आवाज बदलतो तसाच, पण मागे राजदरबार होता आणि कागदपत्रं होती. आपल्याकडे मागे हनुमान मंदिराचा सभामंडप आणि एक वही. त्या वहीकडे पुढे येतोच.

त्याआधी १ नोव्हेंबर १९५६ या तारखेकडे बघू. त्या दिवशी राज्यांची फेररचना झाली. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. तोवर नागपूर ही मध्य प्रदेशचीच राजधानी होती. छिंदवाडा जिल्हा मात्र नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्यासोबत पांढुर्णा आणि सौसर. सोयरिकी वरुड-काटोलकडे, बाजार नागपूरकडे, कचेरी छिंदवाड्याला आणि राजधानी भोपाळला. घरात मराठी, शाळेच्या पुस्तकात हिंदी.

आता लिपी दोन्हीकडे देवनागरीच. त्यामुळे हिंदी शाळेतला पोरगा मराठी अक्षरं वाचतो, पण 'ळ'पाशी अडतो. हिंदीच्या वर्णमालेत तो नाही. जामसावळीचंच बघा. हिंदी पाटीवर ते 'जाम सांवली' होतं. टाळाचा 'ताल' आणि माळेची 'माला' व्हायला वेळ लागत नाही. भजनात मात्र 'ळ' टाळता येत नाही. विठ्ठलाच्या गळ्यातली तुळशीची माळ 'ल'ने म्हटली की सगळ्या झिलीत एकटा पोरगा वेगळा ऐकू येतो आणि पेटीवाला थांबतो. मी ज्या भजनात बसलो त्यात 'ळ' असाच शिकवला जाई. फळा नाही, खडू नाही. दहा पोरं एका सुरात म्हणत आणि अकरावा आपोआप सुधारत असे.

तुकडोजी महाराजांनी मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत भजनं लिहिली, ही गोष्ट सीमेवरच्या गावांना फार सोयीची ठरली. एकच मंडळ मोझरीकडे मराठी म्हणे आणि छिंदवाड्याकडे हिंदी. पोरांना भाषा बदलताना कमीपणा वाटला नाही. मराठी टिकवायला हिंदीशी भांडण करावं लागलं नाही, हे मला या मंडळांचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

मंडळांचा प्रवासही याच दोन दिशांनी. जवळच्या गावी सप्ताह असला की बंडीने किंवा पायी. कार्तिकात काकड्याला पहाटेच्या थंडीत गावातल्या गावात. जामसावळीला गेलं तर भजनानंतर रोडगे आणि वांग्याची भाजी. सौसरच्या पोरांना नागपूरकडे जायला छिंदवाडा-नागपूर ही छोटी गाडी होती. अडीच फुटी रुळांवरून ती इतकी निवांत चाले की डब्यात दोन-चार भजनं सहज आटोपत. २०१५ च्या नोव्हेंबरअखेर रुंदीकरणासाठी ती बंद झाली. पांढुर्ण्याहून नागपूरला मोठी लाइन आणि वरुडकडे सडक.

सगळ्यात मोठी वारी मोझरीची. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचं निर्वाण झालं. तेव्हापासून दरवर्षी अश्विन वद्य पंचमीला बरोबर ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात मौन श्रद्धांजली होते. दिवसभर टाळ-खंजिरीने दुमदुमलेला एवढा मोठा जमाव एकदम गप्प होतो. गाण्यासाठी आलेल्या पोरांना गप्प बसायचं कसं, हे तिथे कळतं.

आता वहीबद्दल. प्रत्येक मंडळाची एक भजनांची वही असते. पानाच्या वर 'चाल' लिहिलेली, बरेचदा एखाद्या सिनेमाच्या गाण्याची. खाली भजन, समासात पट्टी, आणि शेवटच्या पानावर पोरांची नावं, कुठे गेलो त्या गावांची नावं, भाड्याचा हिशोब. अक्षर पोराचं असेल तर 'ल' खोडून वर केलेला 'ळ' दिसतो. मला विचाराल तर या भागातल्या मराठीचा याहून चांगला दस्तऐवज नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौसर त्यात आलं. नव्या जिल्ह्याचा इतिहास आता लिहिला जाईल. त्यात देवगडचे गोंड राजे येतील, भोसले येतील, गोटमार आणि संत्रीही येतील. पोट्ट्यांचं भजन यायचं असेल तर वह्या रद्दीत जाण्याआधी हाती लागल्या पाहिजेत. स्पर्धांमधून बाल गट अजून उतरतात, काही ठिकाणी आता पोरीही खंजिरी घेतात, म्हणजे परंपरा संपलेली नाही. पण जुनी झीलकरी पोरं आज आजोबा झाली आहेत. ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी तिच्या पानांचे फोटो आधी काढून ठेवावेत. त्यातही शेवटचं पान विसरू नये, कारण कोण गात होतं आणि कुठवर गेलं होतं, हे त्या एकाच पानावर असतं.