हायडी : एका बालमालिकेची जन्मकथा

मुलांना खिळवून ठेवावयाचे तर पडद्यावर सतत काही तरी घडत राहिले पाहिजे; पाठलाग हवा, मारामारी हवी, निदान एखादा राक्षस तरी हवा, अशी मनोरंजनाचा व्यवसाय करणाऱ्यांची जुनी समजूत आहे. ह्या समजुतीला ज्या एका मालिकेने धक्का दिला, तिच्यात पाठलाग नाही, राक्षस नाही आणि खरा खलपुरुषही नाही. आहे ती एक पोरकी मुलगी, तिचे एकलकोंडे आजोबा, शेळ्यांचा कळप आणि डोंगर. ‘आल्प्सची मुलगी हायडी’ ही ती जपानी ॲनिमेशन मालिका होय. फुजी दूरचित्रवाणीवरून ६ जानेवारी ते २९ डिसेंबर १९७४ ह्या काळात दर रविवारी सायंकाळी साडेसात वाजता तिचे ५२ भाग दाखविले गेले.

मूळ कथा स्विस लेखिका योहाना स्पीरी यांची. ती १८८० व १८८१ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. पोरक्या हायडीला तिची मावशी डोंगरावरील आजोबांकडे आणून सोडते. पुढे तीच तिला फ्रँकफुर्टच्या एका श्रीमंत घरी, चालता न येणाऱ्या क्लाराची सोबतीण म्हणून नेते. तेथे घरच्या ओढीने हायडी झुरते, झोपेत चालू लागते आणि अखेरीस डोंगरावर परतते. कथानक एवढेच. ह्यावर वर्षभर पुरेल अशी मालिका उभी करणे हे धाडसच होते.

ते धाडस निर्माते शिगेतो ताकाहाशी यांच्या झुइयो एइझो ह्या संस्थेने केले. दिग्दर्शन इसाओ ताकाहाता यांचे, पात्रांची रेखाटने योइची कोताबे यांची आणि दृश्यांची मांडणी हायाओ मियाझाकी यांची. तिघेही तोएई चित्रसंस्थेत तयार झालेले. १९७१ साली स्वीडनमधील ‘पिप्पी’च्या कथांवर मालिका करण्यासाठी त्यांनी ती संस्था सोडली होती, परंतु मूळ लेखिकेची अनुमती मिळाली नाही आणि तो बेत फसला. एका लहान मुलीचे रोजचे जगणे चित्रांतून दाखविण्याची संधी त्यांना पुन्हा लाभली ती हायडीच्या रूपाने.

१९७३ च्या उन्हाळ्यात ही मंडळी स्वित्झर्लंडला गेली. दूरचित्रवाणीवरील बालमालिकेसाठी चित्रकारांनी परदेशी जाऊन स्थळे पाहावीत, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. माइनफेल्डचा परिसर, तेथील कुरणे व घरे आणि फ्रँकफुर्ट शहर त्यांनी डोळ्यांखालून घातले. कोताबे यांनी प्रारंभी हायडीला वेण्या घातल्या होत्या. परंतु डोंगरावर एकट्या आजोबांपाशी राहणाऱ्या एवढ्याशा मुलीच्या वेण्या रोज घालणार कोण? हायडीचे केस आखूड झाले ते ह्या विचाराने.

खरी कसोटी पुढेच होती. १९६३ च्या ‘तेत्सुवान आतोमु’पासून जपानी दूरचित्रवाणीवरील ॲनिमेशन काटकसरीवर चालले होते. सेकंदाला चोवीस चौकटी सरकत; पण निराळी चित्रे फार तर आठच काढावयाची आणि तीच पुन्हा पुन्हा वापरावयाची, हा शिरस्ता. अशा काटकसरीत उड्डाणे व स्फोट निभावून जातात; परंतु मूल गवताचे अंथरूण कसे घालते, दुधाचा वाडगा तोंडाला कसा लावते, विस्तवाजवळ धरलेले चीज कसे वितळते, हे निभावत नाही. प्रेक्षकाने हे रोज पाहिलेले असते. तेथे चूक लपत नाही. ताकाहाता यांनी नेमका ह्याच गोष्टींचा आग्रह धरला. मावशीने अंगावर एकावर एक चढविलेले कपडे डोंगर चढताना हायडी उतरवून टाकते, हा पहिल्याच भागातील प्रसंग ह्या आग्रहाची साक्ष देतो.

ह्या आग्रहाची किंमत श्रमांत मोजावी लागली. प्रत्येक दृश्यात पात्र कोठे उभे राहील, झोपडी किती दूर दिसेल, क्षितिज कोठे येईल, ह्याचा आराखडा मियाझाकी स्वतः काढीत. एका भागाला असे सुमारे तीनशे आराखडे लागत. आणि ५२ भागांचे हे काम त्यांनी एकट्याने पार पाडले. म्हणूनच झोपडी, तिच्यामागील फरची झाडे आणि समोरची शिखरे ह्यांचे परस्परांतील अंतर वर्षभर ढळले नाही. मुलांना तो डोंगर खरा वाटला, ह्याचे रहस्य ह्या कष्टांत आहे.

कथेतही बदल झाले. स्पीरी यांच्या पुस्तकाचा गाभा ख्रिस्ती श्रद्धेचा आहे. मालिकेने तो सौम्य करून निसर्गाला व मुलीच्या मोकळेपणाला अधिक जागा दिली. पुस्तकात पेटर मत्सराने क्लाराची चाकांची खुर्ची कड्यावरून ढकलून देतो. मालिकेत ती क्लाराच्याच हातून निसटून मोडते. मत्सराऐवजी तेथे तिची स्वतःची भीती उभी राहते.

लोकांनी ह्या संथ कथेचे स्वागत केले. ६ ऑक्टोबर १९७४ पासून त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर ‘अंतराळ युद्धनौका यामातो’ सुरू झाली. पुढे अफाट कीर्ती मिळविणारी ही मालिका त्या वेळी हायडीपुढे टिकली नाही. ३९ भागांची योजना २६ भागांतच आटोपावी लागली. १९७५ साली स्पेनमध्ये, १९७७ साली पश्चिम जर्मनीत आणि १९७८ साली इटलीत हायडी पोहोचली. युरोपातील अनेक मुलांना ती जपानहून आली आहे, ह्याची शंकाही आली नाही.

उत्कृष्ट साहित्यावर वर्षभराची मालिका रचण्याची परंपरा पुढे १९७५ साली स्थापन झालेल्या निप्पॉन ॲनिमेशनने चालविली. त्याच संस्थेची ‘जंगल बुक’ १९९३ मध्ये दूरदर्शनवर आली आणि नाना पाटेकर यांच्या आवाजातील शेरखान महाराष्ट्रातील घरोघरी परिचयाचा झाला. ताकाहाता व मियाझाकी यांच्या पुढाकाराने १९८५ साली स्टुडिओ जिब्ली उभा राहिला. तेथील चित्रपटांतही दैनंदिन कृतींचे तेच बारकावे आढळतात.

मुलांसाठी म्हणून काम हलके करावे, हा सोपा मार्ग हायडीच्या कर्त्यांनी नाकारला. मूल थांबून पाहू शकते, एवढा विश्वास त्यांनी ठेवला. तो सार्थ ठरविण्यासाठी आठवड्यागणिक रात्री जागवाव्या लागल्या, हे मात्र अर्ध्या तासाचा तो आनंद घेणाऱ्यांनी विसरू नये.