बीएस्सी करता करता नीट: सीमाभागातल्या विद्यार्थ्यांनी आधी काय तपासावं?

बारावीनंतर नीटमध्ये थोडक्यात जागा हुकली. घरी रिकामं बसण्यापेक्षा बीएस्सीला प्रवेश घेतला आणि पुन्हा परीक्षा द्यायचं ठरवलं. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, चंदगड या पट्ट्यात असे विद्यार्थी अनेक घरांत आहेत. अभ्यासाचं वेळापत्रक सगळेच आखतात, पण आपण कोणत्या राज्याच्या कोट्यात बसतो हे बरेच जण निकाल लागल्यावर बघतात. सीमेलगत राहणाऱ्यांनी ते आधीच बघायला हवं.

बीएस्सीला असताना नीट देता येते का?

देता येते. कमाल वयाची अट २०२२ मध्ये काढून टाकली आहे आणि कितीदा बसायचं यावरही मर्यादा नाही. बारावीला जीवशास्त्र नव्हतं, पण नंतर मान्यताप्राप्त बोर्डाकडून तो विषय जादा घेऊन उत्तीर्ण झाला, अशा विद्यार्थ्यालाही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२३ च्या निर्णयानुसार परीक्षेला बसता येतं.

मात्र बीएस्सीचे गुण एमबीबीएसच्या गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत. दोन वर्षं बीएस्सी केली म्हणून एमबीबीएसचं वर्षही वाचत नाही, सुरुवात पहिल्या वर्षापासूनच होते. देशातल्या प्रवेशासाठी नीटचे गुण त्याच वर्षापुरते चालतात. परदेशात एमबीबीएस करायचं असलं तरी नीटची पात्रता लागते, ती तीन वर्षं ग्राह्य धरतात.

जागा कशा वाटल्या जातात?

सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. तिथे राज्य आडवं येत नाही. एम्स, जिपमर आणि अभिमत विद्यापीठांचं समुपदेशनही केंद्रीय समितीकडेच असतं. सरकारी कॉलेजांतल्या उरलेल्या ८५ टक्के जागा राज्यांच्या, आणि त्यासाठी प्रत्येक राज्याची अट वेगळी.

महाराष्ट्र: अधिवासाचा दाखला हवा, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी. केंद्र व राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसारख्या काही गटांना ठरावीक सवलत आहे. वादग्रस्त सीमाभागासाठी, म्हणजे महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांसाठी, वेगळ्या पण अगदी मोजक्या जागा आहेत. त्यासाठी मराठी मातृभाषा आणि त्या भागातला रहिवास दाखल्यांनी सिद्ध करावा लागतो.

कर्नाटक: सर्वसाधारण अट अशी की पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षं कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त संस्थांत शिकलेलं असावं आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण असावी. शाळा मराठी माध्यमाची होती म्हणून हा हक्क जात नाही. महाराष्ट्रातल्या जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि गडहिंग्लज तालुक्यांतल्या कन्नड भाषक विद्यार्थ्यांसाठी कर्नाटकनेही वेगळं कलम ठेवलं आहे.

तेलंगणा: हैदराबादच्या मराठी घरांनी लक्षात ठेवावं, तिथे नववी ते बारावी ही सलग चार वर्षं राज्यात शिकणं महत्त्वाचं ठरतं. गोवा, मध्य प्रदेश आणि गुजरात यांचेही रहिवास आणि शिक्षणाचे आपापले नियम आहेत.

बीएस्सी कुठे केली यावरून राज्याचा कोटा मिळत नाही. सगळं शालेय शिक्षण आणि रहिवास यावर ठरतं.

दोन उदाहरणं

बेळगाव तालुक्यातली मुलगी. दहावीपर्यंत बेळगावात मराठी शाळेत, अकरावी-बारावी आणि बीएस्सी कोल्हापुरात. सात वर्षं आणि दहावी कर्नाटकात झाल्यामुळे ती कर्नाटकच्या कोट्यात बसते. दहावी बाहेरची असल्यानं महाराष्ट्राच्या सर्वसाधारण कोट्यात बसत नाही. बारावी कोल्हापुरातली आहे, म्हणून सीमाभागाच्या जागांसाठी अर्ज करण्याआधी तिथली शिक्षणाची अट तिनं वाचून घ्यावी.

चंदगड तालुक्यातला मुलगा. दहावीपर्यंत गावी, मग जवळ पडतं म्हणून बेळगावात पीयूसी आणि पुढे बीएस्सी. कर्नाटकात सात वर्षं भरत नाहीत, महाराष्ट्रात बारावी भरत नाही. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं. त्याच्या हाती अखिल भारतीय कोटा, अभिमत विद्यापीठं आणि खासगी कॉलेजांतल्या बाहेरच्या राज्यांना खुल्या असलेल्या जागा उरतात. शेवटच्या दोन ठिकाणी फी बरीच जास्त असते. अशा मुलानं अपेक्षित गुणांचा अंदाज राज्याच्या कटऑफवरून न बांधता अखिल भारतीय कटऑफवरून बांधावा. घरात धाकटं भावंड दहावीला असेल, तर त्याच्या अकरावीचं कॉलेज ठरवण्यापूर्वी हा विचार व्हायला हवा.

पेपर मराठीत मिळतो का?

नीट १३ भाषांत होते आणि त्यात मराठी आहे. पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. इंग्रजी, हिंदी आणि उर्दू सगळीकडे मिळतात. भाषांतरात फरक आढळला तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. त्यामुळे बेळगाव, पणजी, इंदूर किंवा वडोदऱ्यातून परीक्षा देणाऱ्यानं संज्ञा इंग्रजीतूनच पक्क्या कराव्यात.

कॉलेज सांभाळून अभ्यास

२०२५ पासून १८० प्रश्न, ७२० गुण आणि १८० मिनिटं असा पेपर आहे. भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५ आणि जीवशास्त्र ९० प्रश्न. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ वजा. निम्मे गुण जीवशास्त्राचे असल्यानं एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं हाच पाया. बीएस्सीचं प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र खोलात जातं, पण नीटला त्याचा थेट उपयोग कमी. रसायनशास्त्राची थोडी मदत होते. सीबीझेड घेतलेल्यांचं भौतिकशास्त्र कॉलेजात सुटतं, त्याला रोज वेगळा वेळ द्यावाच लागतो.

गेली काही वर्षं नीट मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होते आहे. सम सत्राच्या परीक्षा त्याच सुमारास येतात. म्हणून प्रात्यक्षिकं, जर्नल आणि अंतर्गत गुणांची कामं मार्चपर्यंत उरकून टाकावीत.

कागदपत्रं

बीएस्सीला प्रवेश घेताना मूळ टीसी आणि गुणपत्रिका कॉलेजकडे जमा झालेल्या असतात. एमबीबीएसला जागा लागली की हजर होण्यासाठी मोजकेच दिवस मिळतात. टीसी परत मिळायला किती दिवस लागतात आणि उरलेल्या वर्षांची फी भरावी लागते का, हे आधीच विचारून ठेवा. अधिवास, जात, नॉन-क्रिमीलेयर हे दाखले ज्या राज्याच्या कोट्यात अर्ज करणार त्याच राज्याचे लागतात. एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या आरक्षणाला सहसा चालत नाही.

नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी एका कागदावर पहिलीपासून बारावीपर्यंत कोणतं वर्ष कोणत्या राज्यात गेलं ते लिहून काढा आणि त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेशी ताडून बघा. दोन राज्यांत पात्र ठरत असाल तर दोन्हीकडच्या अर्जांच्या तारखा टिपून ठेवा. राज्याच्या समुपदेशनाची नोंदणी वेगळी असते, नीटचा अर्ज भरला म्हणून ती आपोआप होत नाही.