थुकरटवाडीची बखर

राज्ये आली आणि गेली, सुभे बदलले, तह झाले, याच्या नोंदी दप्तरांत सापडतात. पण त्या त्या काळची माणसे कशाला हसली, हे टिपून ठेवण्यासाठी आजवर कोणत्याही सरकारने कारकून नेमलेला नाही. त्यामुळे हास्याचा इतिहास लिहावयाचा म्हटले की अभ्यासकाची पंचाईत होते. झी मराठी वाहिनीवर १८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेला ‘चला हवा येऊ द्या’ हा कार्यक्रम १७ मार्च २०२४ पर्यंत, म्हणजे साडेनऊ वर्षांहून अधिक काळ चालला. मराठी दूरचित्रवाणीवर गप्पागोष्टींच्या विनोदी कार्यक्रमाला एवढे आयुष्य क्वचितच लाभले आहे. विद्वानांनी त्याची फारशी दखल घेतली नाही, हे त्यांच्या स्वभावास धरूनच झाले. आम्हांला मात्र त्याचा विचार महाराष्ट्राबाहेरून, तोही जबलपूरच्या गोरखपूर वस्तीतून, करावासा वाटतो.

हे गोरखपूर म्हणजे उत्तर प्रदेशातील नव्हे. मदनमहाल, नेपियर टाउन आणि रामपूर यांच्या शेजारची ही बाजाराची, वर्दळीची वस्ती. या बाजूच्या वस्त्यांतून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे राहत आली आहेत. कोणी रेल्वेत, कोणी रामपूरच्या वीज मंडळात, कोणी उच्च न्यायालयात, कोणी तोफगाड्यांच्या कारखान्यात. मराठी अंमलदाराला हे शहर तसे परके नाही. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढामंडळ्याचे राज्य घेतले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या अखेरीस तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांताची घडण झाली व नागपूर राजधानी ठरली, तेव्हा जबलपूर आणि नागपूर पुन्हा एका कारभाराखाली आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. त्या दिवशी जबलपूरच्या मराठी माणसाने आपले घर हलविले नव्हते. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी तो ‘बाहेरचा’ मराठी झाला होता.

त्याच्या भाषेची अडचण येथून सुरू होते. त्याची मराठी नागपुरी-वऱ्हाडी वळणाची, हिंदीच्या संगतीत वाढलेली. पुण्याच्या पाहुण्याने ती ऐकून गालात हसावे, हा नित्याचा अनुभव. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. ‘गजरा’ने आणि पुढे ‘चिमणराव’ने मुंबई-पुण्याची घरे हसविली. मुंबईच्या मनोऱ्यावरून निघणाऱ्या या लहरी नर्मदेपर्यंत येण्याचा प्रश्नच नव्हता. येथे वार्ता पोहोचे ती पत्रांतून आणि सुटीत आलेल्या आप्तांच्या तोंडून. (चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी हे स्वतः बडोद्याच्या संस्थानी नोकरीत आयुष्य घालविलेले गृहस्थ. परमुलुखातील चाकरी विनोदबुद्धीस पोषक असावी, असा आमचा जुना तर्क आहे.) १५ ऑगस्ट १९९४ रोजी दूरदर्शनची मराठी वाहिनी उपग्रहावर गेली, १९९९ च्या त्याच दिवशी अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, सुरू झाली, आणि मग कोठे गोरखपूरच्या गच्चीवरील तबकडीत मराठी विनोद उतरू लागला. मध्ये वीस-बावीस वर्षे गेली होती. एक पिढी मराठीत हसण्याची सवय न लागताच मोठी झाली होती.

या प्रकारच्या कार्यक्रमाचे मूळ अमेरिकेत सांगतात, आणि त्याचा आराखडा तिकडचा आहे हे खरेच. २७ सप्टेंबर १९५४ रोजी स्टीव्ह ॲलन यांनी ‘टुनाइट’ सुरू केला. जॉनी कार्सन यांनी तो १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षे चालविला. डेव्हिड लेटरमन यांनी १९८२ ते २०१५ या काळात दोन वाहिन्यांवर मिळून तेहेतीस वर्षे रात्रीची बैठक जमविली. एक मेज, एक यजमान, आरंभी दिवसभराच्या घडामोडींवर टोमणे, मग पाहुणे. हिंदीत शेखर सुमन यांनी १९९७ पासून ‘मूव्हर्स अँड शेखर्स’मध्ये हाच साचा वापरला व राजकारण्यांच्या नकला घरोघर नेल्या. अमेरिकेतील बैठक रात्री साडेअकराच्या सुमारास, एकेकट्या माणसाने अंथरुणात पडल्या पडल्या पाहण्याची. मराठी घरात साडेअकराला फक्त परीक्षेचा विद्यार्थी जागा असतो. म्हणून आमची बैठक भरली ती साडेनऊला, जेवणे आटोपून भांडी घासायला पडल्यावर, आजीपासून नातवापर्यंत सगळे एका खोलीत असताना. या दोन तासांच्या फरकाने विनोदाची जातच बदलली. तेथे एकट्याला चालणारे तिखट येथे कुटुंबाच्या पंक्तीत वाढता येत नव्हते.

मेजही नाहीसे झाले. त्या जागी थुकरटवाडी नावाचे एक काल्पनिक गाव आले. यजमान डॉ. निलेश साबळे, व्यवसायशिक्षणाने वैद्य. त्यांच्या भोवती भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे, श्रेया बुगडे. चित्रपटाची जाहिरात करण्यास आलेले पाहुणे बसलेले असत आणि त्यांच्यासमोर त्यांच्याच चित्रपटाचे विडंबन होई. ज्याची थट्टा करावयाची त्यालाच पुढ्यात बसवून, त्याच्या तोंडावर, पण त्याला उठून जाता येणार नाही अशा बेताने थट्टा करणे, ही कला आमच्याकडे अमेरिकेहून आली असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. तमाशात गण-गौळण झाल्यावर बतावणी होते. तीत सरदार सरळ बोलतो आणि सोंगाड्या प्रत्येक शब्द वाकडा करतो. विदर्भातील खडी गंमत याच कुळातली. साबळे हे सरदार आणि भाऊ कदम हे सोंगाडे, अशी मांडणी करून कोणताही भाग पाहावा. जोड बरोबर बसते. शाहरुख खानसारखा हिंदीतील मातब्बर नट या गावच्या पारावर येऊन बसला, त्यालाही हाच न्याय मिळाला.

गोरखपूरच्या मराठी घरांच्या दृष्टीने मोलाची गोष्ट आणखी निराळी होती. गणेशपुरे अमरावतीकडचे. त्यांच्या तोंडची वऱ्हाडी या बैठकीत पाहुणी म्हणून आली नव्हती. ती घरची म्हणून बसली होती. शेजारी कोणाची मालवणी, कोणाची सातारी, कोणाची ठसकेबाज पुणेरी. पुणेरी बोलीचीही येथे नक्कल होत होती, हे विशेष. प्रमाण भाषेला इतर बोलींच्या पंक्तीत बसवून तिच्याही पानात चिमूटभर मीठ जास्त टाकण्याचे काम साहित्य संमेलनांच्या ठरावांना जमले नव्हते. ज्या वळणाच्या बोलण्यासाठी जबलपूरच्या मुलाला आजोळी चिडविले जाई, त्याच वळणावर सारा महाराष्ट्र टाळ्या देत होता. आणि या मुलाला तो विनोद कळत होता. व्याकरण शिकवता येते, पाठांतर करून घेता येते. शब्दावरची कोटी मात्र कोणी समजावून सांगितली की मरते. ती ज्याला आपोआप कळली, त्याच्यात भाषा अजून जिवंत आहे.

दोष होतेच, आणि ते झाकण्याचे कारण नाही. स्थूल देह, काळा वर्ण, पुरुषाने नेसलेले लुगडे यांवर वर्षानुवर्षे हशा वसूल करणे हे आळसाचे लक्षण होय. प्रमुख कलावंतांत स्त्री बहुधा एकच, आणि स्त्रीच्या भूमिका अनेक, हाही हिशेब बरा नव्हे. शिवाय ज्याच्या जाहिरातीसाठी बैठक भरली त्याच्यावर खरा वार होत नसे. नेपियर टाउनमध्ये राहून हरिशंकर परसाई ‘देशबंधु’ दैनिकातून वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत असत. प्रश्न कोणाचाही, उत्तर दोन-चार ओळींचे, आणि त्यात सत्ता, धर्म, ढोंग यांपैकी कोणाचीही भीड नाही. कागदावरची ती एक बैठकच होती. परसाई १९९५ मध्ये निवर्तले. गोरखपूरपासून हाकेच्या अंतरावर असा विनोद घडत होता. त्याच्या शेजारी ठेवले असता थुकरटवाडीचा विनोद पुष्कळ सौम्य वाटतो.

पण एका बाबतीत थुकरटवाडीने मराठी मन नेमके हेरले. हसण्याच्या भरात मध्येच सागर कारंडे पोस्टमनच्या वेषात येत आणि अरविंद जगताप यांनी लिहिलेले पत्र वाचून दाखवीत. शेतकऱ्याच्या घरचे दुःख, गावी राहिलेल्या आईबापांचे एकटेपण, असे विषय. खळखळून हसणारी खोली क्षणात गप्प होई. बदलीच्या नोकरीत ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली आणि ज्यांच्या घरची सुखदुःखे आंतर्देशीय पत्रावर आली, त्यांना यात कृत्रिम काही वाटले नाही. आधुनिक टीकाकार याला भावविवशता म्हणतील. म्हणोत. कीर्तनकारही पूर्वरंग आणि आख्यान यांच्या मध्ये श्रोत्यांना असेच हसवून रडवीत आला आहे.

२०२४ मध्ये पडदा पडला, तेव्हा कार्यक्रम थकला होता हे मान्य करावे लागते. २०१८ पासून ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ दुसऱ्या वाहिनीवर रंगात आली होती. जुलै २०२५ मध्ये अभिजीत खांडकेकर यांच्या यजमानपणाखाली थुकरटवाडी नव्याने वसविण्यात आली. आता ती दिवाणखान्यात एकत्र बसून पाहिलीच पाहिजे असे उरलेले नाही. नातू मोबाइलवर तुकडे तुकडे पाहतो, कानांत नळ्या घालून, एकदम एकटाच हसतो आणि स्वयंपाकघरातून आजी विचारते, “काय झालं रे?” मग तो उठून आत जातो, दृश्य पुन्हा लावतो, आणि आजीला एवढेच विचारतो की ‘थुकरट’ म्हणजे नक्की काय.